पाठमोरा

घोटावड्याच्या बाजूला एका गावातल्या समाजमंदिरात मी दर गुरुवारी बायकांचा चित्रांचा वर्ग घ्यायचे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली बाई मी, घरात बसवत नव्हतं. वर्गाचा खर्च माण गावाकडची एक कंपनी द्यायची. मनाचं दुखणं रंगांतून हलकं करायचं, असा तो उपक्रम. गावाने त्याचं बारसं आधीच उरकलं होतं, 'येड्यांची शाळा'. मग कशाला कोण फिरकतंय! शेवटी मी चिडून घरोघर सांगत सुटले की हा रांगोळीचा वर्ग आहे आणि इथे कुणी कशाचाही फोटो काढणार नाही. तेव्हा कुठे बायका आल्या.

त्यांतच एक काकी होत्या, जाऊबाईंनी हाताला धरून आणलेल्या. एकुलता एक मुलगा कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर होता, पिरंगुटच्या घाटात अपघातात गेला. तेव्हापासून काकींनी बोलणंच टाकलं होतं. पुढे कागद ठेवला की घडी घालून परत द्यायच्या. एकदा मात्र उठल्या आणि गेरूचा वाडगा घेऊन सरळ मागच्या भिंतीपाशी गेल्या. मी अडवायला निघाले, तर जाऊबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या बाई. लग्नघराच्या भित्ती हिच्याच हातच्या असायच्या. पार पौडापासनं बोलावनं यायचं."

दर गुरुवारी भिंत थोडी थोडी भरत गेली. आधी विकलेलं भाताचं खाचर आलं, मग गोठा, मग घराचं दार. मुलगा कुठेच नाही. मीही विचारलं नाही. एके दिवशी त्याच म्हणाल्या, "बाई, त्याचं तोंडच आठवंना मला."

किती महिन्यांनी तो आवाज फुटला! आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अहो, घरात फोटो असेल ना?"

"हाय की. हार घातलाय. पन त्यो फोटोवाल्यानं बसवलेला पोरगा. मला भाकरी मागायचा, त्यो कुटं हाय त्यात?"

इतकी वर्षं मुलांना नाकडोळे काढायला शिकवलं, पण हे कसं शिकवायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, जेवढं आठवतंय तेवढं काढा.

पुढच्या गुरुवारी त्यांनी पाठ काढली. दारातून बाहेर निघालेला, एक खांदा जरा पडलेला, मानेवर केस वाढलेले. जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं बया, त्योच की गं!" काकी चक्क हसल्या. म्हणाल्या, "पाठ गावली. आता हाक मारते. वळंल त्यो."

त्याच सुमारास निरोप आला, साहेब लोक वर्ग बघायला येणार. पुढच्या वर्षी पैसे द्यायचे की नाही, ते त्यावर ठरणार होतं. बायकांनी हे फारच मनावर घेतलं. वर्ग बंद पडला तर काकी परत मुक्या होतील, याची धास्ती सगळ्यांत जास्त जाऊबाईंना. आणि आमच्याकडे कार्य म्हटलं की आधी भिंतीला चुना. जुनी चित्रं पुसायची, नवी काढायची, त्यात कुणाला काही वाटत नाही. लग्नघरांत काकींनीही तेच केलेलं.

त्या दिवशी मी एसटीतून उतरून पोचले, तर समाजमंदिर पांढरंशुभ्र. जाऊबाईंचे हात कोपरापर्यंत चुन्याचे. "कसं दिसतंय बाई? पावन्यांफुडं डागाळलेली भित्त बरी दिसती व्हय?"

मी ओरडले. "अहो, अक्कल गहाण टाकलीत काय सगळ्यांनी!" जाऊबाईंचा चेहरा पडला. त्या खाली बसल्या आणि नखांनी भिंत खरवडायला लागल्या. ओला चुना आणि खालचा गेरू एकत्रच निघत होते.

काकी दारापर्यंत आल्या, भिंत बघितली आणि तशाच माघारी वळल्या. साहेब लोकांचं नारळ, शाल, सगळं झालं. स्वच्छता त्यांना फार आवडली आणि पैसे तिथेच मंजूर झाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या ऐकवेनात.

नवे रंग आले तशी मी ते घेऊन काकींच्या घरी गेले. जाऊबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. आत काकींसमोर मी डबे मांडले. म्हटलं, "काकी, परत काढू या. भिंत कुठे पळून गेलीय? पाठ तर आठवते ना?"

त्यांनी डोळे मिटले. मान जराशी तिरकी केली, दारात कोण आहे ते बघावं तशी. मी थांबले. बाहेर सुपाचा आवाजही थांबला होता.

"म्या हाक मारायला येळ लावला, बाई," काकी म्हणाल्या. "त्यो गेला म्होरं. दारात कोनच न्हाई आता."