निरोपे सर आणि वहिनीचा प्रश्न

आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांना कुणी खुर्चीत बसलेलं पाहिलं नव्हतं. हजेरीसुद्धा ते फेऱ्या मारत घ्यायचे. "हजर" म्हणेपर्यंत ते मागच्या बाकापाशी पोचलेले असत. मूळचे परंड्याकडचे. एरवी शुद्ध बोलायचे, पण विषय रंगला की गावाकडची भाषा आपोआप तोंडात यायची.

त्यांचं खरं आडनाव आम्ही विसरूनच गेलो होतो. "पेशी मुक्या नसत्यात. एकमेकींना निरोप धाडत्यात," हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं, की पोरींनी त्यांचं नाव निरोपे सर ठेवलं. सरांना ते कळलं होतं. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांना तेवढी सवडच नसावी.

एकदा खाटकाकडून त्यांनी बोकडाचं काळीज, म्हणजे लिव्हर, आणलं आणि वर्गात ताटात ठेवलं. "ह्याचा मोठा तुकडा कापून काढला, तरी जित्या जनावरात ते पुन्हा भरून येतं. 'वाढा' म्हणून निरोप जातो. पुरेसं वाढलं की 'थांबा' म्हणूनही जातो. रोज दारू पिणाऱ्याच्या लिव्हरला रोज जखम होती. मग भरायचा निरोप थांबतच न्हाय. हाताला घट्टा पडतो, तसं आतून सगळं निबर होतं." कुणी तरी विचारलं, हा निरोप कोण धाडतं? सर खिडकीपाशी गेले, परत आले. म्हणाले, "तेच तर पुरतं कळलेलं न्हाय."

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. तेरखेड्याच्या अलीकडे आमचं गाव. विहीर आटली होती. टँकर यायचा, पाणी विहिरीत ओतायचा आणि बाया तेच शेंदायच्या. गावात काविळीची साथ आली. सातवा महिना असलेल्या माझ्या वहिनीचे डोळे पिवळे झाले. कावीळ उतरावी म्हणून आई तिला तापल्या सळईचा डाग द्यायला शेजारच्या गावी नेणार होती. मी रविवारी वसतिगृहातून घरी जाऊन आले आणि सोमवारी वर्गात मैत्रिणीला हे सांगत होते. सरांनी ऐकलं. खडू तिथंच टाकला.

"गरवार हाय?"

"हो सर."

"चल."

दुपारच्या एसटीनं आम्ही गावात पोचलो. सर उंबऱ्याबाहेर उभे राहून आईला म्हणाले, "आई, डागानं ही कावीळ जात न्हाय. बाकीची माणसं हिच्यातून उठत्यात. पोटुशी बाई लई वेळा उठत न्हाय. आजच सोलापूरला न्या. म्या पाया पडतो तुमच्या." आणि खरोखरच वाकले. आई गांगरली. दूध सोसायटीचा ट्रक निघायच्या बेतात होता. सरांनी चेअरमनला गाठून कॅन उतरवायला लावले. दादानं वहिनीला उचलून आत निजवलं. वाटेत तिची शुद्ध हरपली. सर सारखे तिला हाका मारत होते.

वहिनी वाचली. मूल अपुऱ्या दिवसांचं जन्मलं आणि दुसऱ्या दिवशी गेलं.

महिन्याभरानं ती घरी आली. सर भेटायला आले. थोरांपुढं कधी न बोलणारी वहिनी दारात आली. "सर, माझं लेकरू कशानं गेलं?"

नशिबानं, असं कुणीही म्हणालं असतं. सर म्हणाले, "पाण्यानं. त्यात घाण होती. पावडर टाकली असती तर कदाचित ही येळ आली नसती."

"मग बाकीच्या उठल्या, मलाच का एवढं जड गेलं?"

सर अंगणात दोनदा येरझाऱ्या घालून आले. "इतरांच्या काळजाला सावरायचा निरोप मिळतो. गरवार बाईत तो कुठं अडतो, कुणालाच ठाऊक न्हाय. मलाबी न्हाय."

दुसऱ्या दिवशी वहिनी विहिरीवर जाऊन उभी राहिली. ब्लीचिंग पावडर पडेपर्यंत तिनं एकीलाही घागर भरू दिली नाही. सासूलाही नाही.

पुढच्या वर्षी सरांनी नोकरी सोडली. पंचेचाळिशीच्या वयात, घरचे नको म्हणत असताना, पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून निघाले. वहिनीनं स्टँडवर येऊन भाकरी-ठेचा बांधून दिला आणि ती म्हणाली, "कळलं की कळवा."

दर दिवाळीला वहिनीच्या नावानं कार्ड यायचं. तिला वाचता येत नसे, मी वाचून दाखवायची. एकच ओळ असायची : "अजून कळलं नाही. शोधतो आहे." सहा कार्डं आली. सातव्या दिवाळीला आलं नाही. वहिनीनं पोस्टमनला दोनदा विचारलं. नंतर सरांच्या मुलाचं पत्र आलं, सर गेल्याचं.

मी ते वाचून दाखवलं. वहिनीनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "वन्सं, आता तुमी बघा."

मी पुढं त्याच विषयात शिकले, शिकवलं. काही निरोपांची नावं आता ठाऊक झाली आहेत. वहिनी अजून विचारते. मी म्हणते, "थोडं कळलंय, वहिनी. पुरतं नाही."