फेस बसेपर्यंत

ज्याच्याशी भांडायचं त्याच्या हातात आधी दुधाचा ग्लास द्यायचा, ही आमच्या आप्पांची पद्धत. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. रोज सकाळी दूध कट्ट्यावर जायचे, समोर म्हैस पिळून घ्यायचे आणि फेसाळता ग्लास पुढं करून म्हणायचे, "घे. आता सांग, तुझा नेता कसा शहाणा हाय ते." मी एकदा कारण विचारलं. "हातात गिलास असला की हात उगारता येत न्हाय. आणि घोट घेताना तरी दुसऱ्याचं ऐकावं लागतंय की."

त्यांचा रोजचा भिडू म्हणजे माझे वडील, तात्या. दोघे सख्खे भाऊ, एकाच पक्षाचे. तरी नगरसेवकापासून दिल्लीपर्यंत एकाही माणसावर त्यांचं एकमत नव्हतं. मी मध्ये उभा राहून दोघांनाही "व्हय, व्हय" म्हणायचो. राजकारणातलं माझं कर्तृत्व एवढंच.

मग पक्ष फुटला. आप्पा एका गटात राहिले, तात्या दुसऱ्यात. तात्यांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आप्पांना 'गद्दार' लिहिलं. मी घाईघाईनं त्याखाली 'शुभ सकाळ'चा गुलाब टाकला.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर आप्पांनी ग्लास पुढं केला. तात्यांनी स्कूटर वळवली. फेस बसेपर्यंत आप्पा तसेच थांबले, मग ग्लास मला दिला. "पी. फोनवर दूध कसं पाजायचं रं?" पुढं हे रोजचंच झालं. भावाभावांच्या भांडणात माझं पोट तेवढं सुटलं.

वर्षभरात दोन्ही गटांचे नेते एका व्यासपीठावर गळ्यात गळे घालून उभे राहिले. मी पेपर घेऊन आप्पांकडं धावलो. "मिटलं की आता." आप्पांनी फोटो नीट बघितला. "त्यांचं मिटणारच. ते एकमेकांना गद्दार वरवर म्हणत हुते. तुझा बाप मनापासनं म्हणाला."

तात्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "गिलास पुढं करतोय, पण चुकलो म्हणतोय का?"

दोघांनाही मी "व्हय" म्हणालो.

गेल्या उन्हाळ्यात आप्पा झोपेतच गेले. आता तात्या रोज कट्ट्यावर येतात. काल त्यांनी फेसाळता ग्लास माझ्या हातात ठेवला.

"बोल."

"काय बोलू?"

"आप्पा बोलायचा तसं. माझं कुठं चुकलं ते सांग."

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. फेस बसत चालला.

"तुमचं बरोबरच हाय, तात्या," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातातला ग्लास हळूच काढून घेतला.