प्रसाद घेतल्याशिवाय उडू नये

हे गेले तो मंगळवार होता. यांनी चहा घेतला, पेपर उघडला आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेले. पेपर मी घडी करून ठेवला.

त्यानंतर माळा आवरायला मला बरेच महिने लागले. तिथे यांचा पॅराग्लायडरचा कापडी पंख आणि उडायचा सूट निघाला आणि त्याच्यामागोमाग नव्वदच्या दशकातली ती स्पर्धा आठवली. मी हळू लिहिते. "तुझं पत्र पोचायच्या आत मीच घरी येतो," असं हे म्हणायचे.

आम्ही बेलापूरला राहायला आलो तेव्हा सोसायटीच्या मागे डोंगर होता आणि पुढे रस्ता व्हायचा होता. हे तुर्भ्याच्या एका कारखान्यात इंजिनियर. चाळिशी उलटल्यावर यांनी एका परदेशी माणसाचा वापरलेला पंख विकत घेतला. दर रविवारी डोंगरावरून उडायचे आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी उतरायचे. सासूबाई गच्चीवरून बघत.

"हे उडणं नव्हे, घरंगळणं," त्या म्हणत. "लहानपणी ओटीवरून करायचास. तेव्हा फुकटात व्हायचं."

हे हसायचे, पण ते यांना लागलं होतं. म्हणून आमच्याच डोंगरावर स्पर्धा ठरली तेव्हा यांनी नाव दिलं. जो उडत सगळ्यांत लांब जाईल तो पहिला. पहिलं यायची यांना आस नव्हती. एकदा तरी डोंगर मागे टाकून दुसऱ्या गावात उतरायचं होतं.

स्पर्धा सुरू झाली आणि ऐन मार्गशीर्षात आभाळ भरून आलं. डोंगराचा माथा ढगात गेला. स्पर्धक सकाळी वर जायचे, पावसात भिजायचे आणि खाली येऊन आमच्याकडे चहा प्यायचे. पंख ओला गुंडाळला की कुजतो, म्हणून ते सगळे पंख यांनी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, खांबाखांबांना दोऱ्या बांधून वाळत घातले. लाल, पिवळे, निळे. खाली उभं राहिलं की वर छत.

सेक्रेटरी लगेच आले.

"वहिनी, हे काय लावलंय? पार्किंगमध्ये काहीही बांधायचं तर जनरल बॉडीची परमिशन लागते. धार्मिक कार्यक्रम असेल तर गोष्ट वेगळी."

तेवढ्यात शेजारच्या विंगमधल्या दोघीजणी आल्या. मांडव बघून त्यांनी विचारलं, "पूजा कधी आहे हो?"

"उद्या सकाळी," वरून बाल्कनीतून सासूबाईंचा आवाज आला. "सत्यनारायण. सगळ्यांनी या."

सेक्रेटरींनी एकदा बाल्कनीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग नो टेन्शन."

रात्री जेवताना हे म्हणाले, "आई, उद्या शेवटचा दिवस आहे. उद्या आभाळ उघडलं तर?"

"उघडायला नको का मेल्या? मग देवाला कोणी सांगायला नको?"

सकाळी हे पूजेला बसले ते उडायचा सूट घालून. गुरुजी बघतच राहिले. "यजमान, शिवलेलं चालत नाही हो." मी यांच्या अंगावर उपरणं टाकलं. गुरुजींनी डोळे मिटून घेतले आणि आचमन सांगितलं. स्पर्धक आपापल्या पंखाखाली मांडी घालून बसले होते, मांडीवर हेल्मेट. स्पर्धा भरवणारे निवृत्त फौजी तेवढे बाहेर उभे राहून वारा कळावा म्हणून बांबूला बांधलेल्या फडक्याकडे बघत होते.

चौथा अध्याय चालू असताना गुरुजींचं तोंड लाल झालं, मग अर्धं पिवळं. पंखांतून तिरपं ऊन आलं होतं. एकाने हळूच आपल्या पंखाची दोरी सोडायला घेतली, आणि मग सगळेच उठायला लागले.

"भाभीजी, मौसम खुल गया," फौजी आत येऊन मला म्हणाले. "और कितना बाकी है?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "बसा खाली! आत्ता ऐकलंत ना? वाण्याची मुलगी प्रसाद टाकून धावली, नवऱ्याचं जहाज बुडालं. तुमच्याकडे तर जहाजसुद्धा नाही. चादर आहे!"

फौजींना कोणीतरी हिंदीत समजावलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि जाहीर केलं, प्रसाद होईपर्यंत कोणीही उड्डाण करणार नाही. हे माझ्याकडे बघत होते. मी समईकडे बघत राहिले.

पाचव्या अध्यायाला गुरुजींनी श्वास घेतलेला मी पाहिला नाही. आरतीला हातमोजे घालूनच टाळ्या वाजल्या. शिरा वाटताना सासूबाईंनी यांच्या हातावर ठेवला, आणि पुडीत बांधून सूटच्या खिशातही कोंबला. "कुठे पोचलासच, तर तिथे कोणाला तरी दे. एकट्याने खाऊ नये."

आम्ही दोघी गच्चीत गेलो. बाकीचे उडून गेले. हे शेवटचे निघाले आणि नेहमीसारखे खाली येऊ लागले.

"घरंगळला," सासूबाई म्हणाल्या, पण माझं मनगट त्यांनी धरलं होतं.

पायथ्याच्या दगडखाणीत उन्हाने दगड तापून गरम हवा वर उठत असावी. तिथे पंख थरथरला, वळला आणि घिरट्या घेत वर जायला लागला. सासूबाईंची बोटं माझ्या बांगड्यांत रुतली. पंख डोंगराच्या वर गेला, मग दक्षिणेला सरकत सरकत दिसेनासा झाला.

संध्याकाळी कोणाच्या तरी दुकानातून यांचा फोन आला. "करंजाड्याला उतरलो. शेतात. आईला सांग, दुसरं गाव आहे."

अंधार पडायच्या सुमारास हे टेम्पोतून आले, गुडघ्यापर्यंत चिखल. शेतातली म्हातारी विळा घेऊन धावत आली होती. "कोन हाय रं तू?" यांनी खिशातला शिरा पुढे केला. सत्यनारायणाचा प्रसाद म्हटल्यावर तिने तो कपाळाला लावला, खाल्ला आणि म्हणाली, "मंग चालत यावाचा ना!"

स्पर्धेत यांच्या खाली एकच नाव होतं, आणि तो गृहस्थ झाडात अडकला होता.

सासूबाईंनी यांच्या पायावर पाणी घातलं. "दुसरं गाव," त्या म्हणाल्या. "बरं." घरंगळण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आता सासूबाई नाहीत, हेही नाहीत. करंजाड्याच्या त्या शेतावर इमारती आहेत. पंख मी परत माळ्यावर ठेवला आहे. सूटच्या खिशाला तुपाचा डाग आहे.