शनिवारची दहा मिनिटं

आमच्या बस डेपोत गाड्यांची वेळापत्रकं आखणाऱ्या गृहस्थांना सगळे मिनिटराव म्हणतात. माणूस सरळ, पण चहासुद्धा घड्याळ बघून पिणारा. एकशेचाळीस गाड्या त्यांना तोंडपाठ, बायको मात्र घर सोडून गेली ते चार दिवसांनी लक्षात आलं, अशी आम्ही त्यांच्यामागे चेष्टा करायचो. आता त्याची लाज वाटते.

सहा वर्षांची लेक कधी कोणाकडे राहील, याचा आराखडा दोघांनी मिळून करून आणा, असं कोर्टाने सांगितलं. मिनिटरावांनी डेपोतलाच आखीव कागद घेतला. शाळा, सुट्ट्या, आजारपण, सगळं चोख. मुलगी आईकडे, आणि एकाआड एक शनिवारी दहा ते सहा यांच्याकडे. त्याखाली सहा ते सहा-दहा असा एक रकाना होता, कोरा.

कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

"गाडी शेवटच्या थांब्यावर आली की लगेच फिरवत नाहीत, थोडी उभी ठेवतात," मिनिटराव म्हणाले. "पोरीला या हातातून त्या हातात कसं ढकलायचं? तिघं जरा हिच्या इमारतीच्या पायरीवर बसू."

बायकोने कागद आपल्याकडे ओढला आणि म्हणाली, "दहा मिनिटं. अकरा नाही." आणि तिने सही केली. मिनिटराव आठवडाभर हवेत होते. रिकाम्या घरात एकट्याने जेवणाऱ्या माणसाला दहा मिनिटंही पुष्कळ वाटतात.

पहिल्या शनिवारचं त्यांनी सोमवारी आपणहून सांगितलं. ठीक सहाला बापलेक तिच्या इमारतीशी पोचले. आई खाली येऊन पायरीवर बसलीही होती. तेवढ्यात लेकीला शू लागली. गाड्यांना शू लागत नाही, त्यामुळे ते आराखड्यात नव्हतं. दोघी धावत वर गेल्या. मिनिटराव एकटेच बसून राहिले आणि सहा-दहाला उठले.

रस्त्यापलीकडच्या थांब्यावरून त्यांना दिसलं, सहा-बाराला दोघी पुन्हा खाली आल्या. पायरीवर बसल्या. लेक इकडेतिकडे बघत होती.

"मग परत गेला का नाहीत तुम्ही?" मला त्यांचा संताप आला होता.

"अकरा नाही, असं ठरलं होतं ना," ते म्हणाले. "आणि बस अगदी वेळेवर आली."