तीन लिटरची ऑर्डर

अरुणाचलातल्या पोस्टिंगचं ते माझं दुसरं वर्ष होतं. इंजिनिअर कंपनी, ब्रिजिंग प्लाटून. मी नाईक किशन सोनकांबळे, गाव नायगावजवळ. आमचं काम लोखंडी पूल जोडण्याचं. पुलाचं एक पॅनल सहा जणांनी उचलायचं, तीन इकडून, तीन तिकडून. त्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पाऊस चालू होता. 'उठाव'ची ऑर्डर झाली. पॅनल कमरेपर्यंत आलं आणि पुढच्या जवानाचा बूट चिखलात सरकला. कोणीतरी ओरडलं, "छोड दो!" पाच जणांनी सोडलं. मला मागं व्हायला जागा नव्हती. पॅनल माझ्या दोन्ही पावलांवर आलं.

गोळी नाही, शत्रू नाही. लोक आजही विचारतात, कोणत्या लढाईत लागलं? मी सांगतो, कामावर लागलं.

पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये दोन ऑपरेशनं झाली. मोडलेली हाडं जागेवर राहावीत म्हणून बोटांतून बारीक पोलादी तारा आत घातल्या होत्या. तारांची टोकं बोटांच्या बाहेर होती. सर्जन मेजर होते. ते मोजकंच बोलायचे.

"बारा हफ्ते. एक भी पैर जमीन पे नहीं लगेगा. समझे?"

"जी सर."

बारा आठवडे म्हणजे व्हीलचेअर. ती चालवायला मला शेजारच्या पलंगावरच्या माणसानं शिकवलं. लान्स नाईक दत्ता सूर्यवंशी, हिमायतनगरजवळचा. त्याची गाडी डोंगरात रस्त्यावरून खाली गेली होती. पाठीचा मणका तुटला होता. कमरेखाली काही कळत नव्हतं आणि कळणारही नव्हतं. वर्षभर तो त्याच वॉर्डात होता. रँकनं मी मोठा, पण खुर्चीतला उस्ताद तो. मी त्याला उस्तादच म्हणायचो. तो मला पाहुणा म्हणायचा.

"तू तीन महिन्यांचा पाहुणा हायेस या खुर्चीत," तो म्हणायचा. "पण शिकून घे नीट. पडलास तर माझं नाव खराब व्हईल."

उंबरा आला की पुढची चाकं आधी उचलायची. खडी, वाळू, खराब रस्ता आला की खुर्ची फिरवायची आणि उलटं जायचं, मोठी चाकं पुढं. उताराला हात चाकावरून सोडायचा नाही. थांबलं की आधी ब्रेक. आठ दिवस त्यानं मला कॉरिडॉरमध्ये अशी परेड करायला लावली.

वॉर्डातली सिस्टर रोज सकाळी दत्ताच्या टेबलावर पाण्याचा जग आपटायची. मणक्याच्या पेशंटला लघवी कळत नाही, ती आत साठते, सडते, ताप चढतो आणि मूत्रपिंड जातं. म्हणून तीन लिटर पाणी रोज. औषध चुकलं तर चालेल, पाणी नाही. दत्ता जग रिकामा करून तोंड पुसायचा आणि म्हणायचा, "रिपोर्ट, सिस्टर. टाकी फुल."

पुढं तो घरी गेला. पुण्यात अशा जवानांसाठी राहायची सोय होती, त्याला जागाही मिळत होती. पण गावात माय एकटी होती. तो म्हणाला, माय तिथं आणि मी इथं, हे जमणार न्हाई.

दोन आठवड्यांनी मला आजारी रजेवर सोडलं. मी लातूरला आलो. लातूर जिल्हा होऊन तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षं झाली होती. नव्या कचेऱ्यांना माणसं हवी होती, त्यातच माझी पत्नी सुशीला हिची क्लार्क म्हणून तिथं बदली झाली होती. टंचाई शाखेत. तो दुष्काळाचाच उन्हाळा होता. ती दिवसभर टँकरच्या गावांच्या याद्या टाईप करायची आणि घरी आल्यावर आमच्या गल्लीच्या नळाला लाईनमध्ये उभी राहायची.

आमच्या खोलीला दोन पायऱ्या होत्या. घरमालकानं एक जुनं दार आडवं टाकून दिलं, त्यावरून खुर्ची उतरायची. पहिल्या दिवशी सुशीला मला बाजाराकडं घेऊन गेली. मी चौक ओलांडायच्या आधी तीन मिनिटं नुसता बघत राहिलो. कुठून रिक्षा येते, कुठं खड्डा आहे, कुठं डाळ मिलची बैलगाडी वळते. पूल बांधायच्या आधी नदी बघतात तसं. भीती पडायची नव्हती. भीती तारांची होती. गर्दीत कोणाचाही गुडघा, कोणाचीही पिशवी पायाला लागली असती. मी दोन्ही पायांवर पुठ्ठ्याचं खोकं चढवून बसायचो. सुशीलाला मी काही सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, फक्त रस्त्याच्या कडेनं खुर्ची हळू ढकलायला लागली.

एका सोमवारी दत्ताचं पोस्टकार्ड आलं. नेहमीसारखी थट्टा होती. शेवटी लिहिलं होतं: "लघवीच्या बाटलीची कटकट कमी झाली. दिवसातून एकदाच लागते. पाणीच कमी पितो. मायच्या खेपा वाचतात. दोन दिवसांपासून थोडी कसकस आहे, उन्हाची असेल."

मी ते दोनदा वाचलं. मग कार्डावरची तारीख बघितली. पाच दिवस झाले होते.

सुशीला संध्याकाळी आली. मी कार्ड तिच्या हातात दिलं.

"मी जाऊन येतो," मी म्हणालो.

"तारा पायात असताना? एवढ्या लांब?"

"तू रजा काढ."

"टंचाईत रजा बंद हायेत. आज एकाचा अर्ज साहेबांनी परत फेकला." तिनं कार्ड पुन्हा उलटून बघितलं. "तार करा ना त्यांना."

"तार करून तो पाणी पिणार न्हाई."

बुधवारी सकाळी साडेसहाची नांदेड गाडी. सुशीलानं मला स्टँडवर आणलं. कंडक्टर आणि एका प्रवाशानं मला उचलून पुढच्या सीटवर ठेवलं. खुर्ची घडी करून टपावर गेली. सुशीला खिडकीखाली उभी होती.

"पाय खाली टेकवू नका."

"न्हाई टेकवत."

"मला नुसतं म्हणू नका तसं. खरंच टेकवू नका."

अहमदपूर, लोहा. प्रत्येक थांब्याला माणसं चढली की मी दोन्ही हात खोक्यावर आडवे धरायचो. एका म्हाताऱ्यानं गाठोडं माझ्या पायाशी ठेवलं. मी ओरडलो. तो दचकला. मी माफी मागितली, पण हात काढले नाहीत. सव्वाचार तास मी पाय सोडून दुसऱ्या कशाचा विचार केला असेल तर कार्डावरच्या त्या पाच दिवसांचा. आता ते सात झाले होते.

नांदेडला पुन्हा उचलाउचल, पुन्हा टप. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी हिमायतनगरची गाडी निघाली. दत्ताच्या गावाच्या फाट्यावर मला उतरवलं तेव्हा दोन वीस झाले होते. कंडक्टरनं खुर्ची उघडून दिली आणि आजूबाजूला बघितलं. एक बाभूळ होती. माणूस नव्हता.

"कोन न्यायला येनार हाय का?"

"हाव, येईल," मी खोटं बोललो. नाहीतर त्यानं गाडी थांबवून ठेवली असती.

फाट्यापासून गाव अर्धा मैल. मातीचा रस्ता, बैलगाडीच्या चाकोऱ्या, वर धूळ. पुढची लहान चाकं दहा फुटांतच रुतली. मी खुर्ची फिरवली आणि उलटा निघालो. मागं काय आहे ते दिसत नव्हतं. दर वीस ढकलींनंतर ब्रेक, मान वळवून रस्ता बघायचा, पुन्हा वीस. चाकाची कडी उन्हानं तापली होती. मी हाताला रुमाल बांधला. एका ठिकाणी खुर्ची एका बाजूला कलली आणि डावं चाक हवेत गेलं. मी अंग दुसरीकडं टाकलं. चाक खाली आलं. मी तिथंच दोन मिनिटं बसलो. पडलो असतो तर कोणी येईपर्यंत तिथंच पडून राहिलो असतो, आणि घरात दत्ता तसाच पडून.

तीन दहाला मी पाठमोराच त्याच्या दारात पोचलो.

माय घरात नव्हती. दत्ता खाटेवर होता, कडेला त्याची खुर्ची. ओठ फाटले होते, अंग थरथरत होतं आणि एवढ्या उन्हात त्यानं वाकळ घेतली होती. खाटेखालच्या बाटलीत बोटभर लघवी होती, चहाच्या रंगाची. खोलीत सडलेल्या लघवीचा वास होता. वॉर्डात ज्यानं तो एकदा घेतला त्याला तो कळतो.

"पाहुणा?" तो म्हणाला. "कोनी आनलं तुला?"

"आलो. पाणी कुठं हाय?"

"पी, तिकडं रांजणात हाय."

"मला न्हाई. तुला."

मी रांजणापर्यंत गेलो, तांब्या भरला, मांडीत धरून आणला. त्यानं तोंड फिरवलं.

"उस्ताद, पी."

"टँकर एक दिसाआड येतो," तो भिंतीकडं बघून बोलला. "हिरीत सोडतो. तरण्या बायाच्या गर्दीत मायची बादली रिकामीच वर येते. मंग ती नदीत खोदलेल्या झिऱ्यावर जाते. दोन मैल. येक घागर भरायला दीड तास. तिनं डोक्यावर आनायचं अन् म्या बाटलीत सोडायचं?"

मी रँक काढली.

"लान्स नाईक सूर्यवंशी, पाणी प्यायचं. ऑर्डर हाय."

तो हसला. "तू मला ऑर्डर देतूस? महिन्याभरात तू उठून चालायला लागशील. तुला काय कळनार?"

"न्हाई कळणार," मी म्हणालो. "पण मायला मी काय सांगू? पोरगा तुझ्या खेपा वाचवायला मेला, असं सांगू? तूच सांग तिला. मी बाहेर थांबतो."

मग त्यानं हात पुढं केला. मी तांब्या त्याच्या तोंडाला लावला. अर्धं पाणी दातांवर आपटून गळ्यावर सांडलं.

तेवढ्यात माय आली. डोक्यावर घागर, पाय धुळीनं पांढरे. मला बघून ती थबकली. मी हात जोडले आणि सांगितलं, "माय, मी किशन, दत्तासोबत दवाखान्यात होतो. याला आत्ता न्यायला पाहिजे. उद्या न्हाई. आत्ता."

"लेकरा, कशानं नेऊ? येसटी सांजच्याला हाय."

हे पाणी न पिल्यामुळं झालं, ते मी तिला सांगितलं नाही. तिच्या डोक्यावर अजून घागर होती.

सव्वाचारला टँकरचा आवाज आला. मी मायला धाडलं आणि स्वतः दारातून ओरडत राहिलो. ड्रायव्हर करीमभाई, पन्नाशीचे. विहिरीत नळी सोडून ते आले, दत्ताच्या कपाळाला हात लावला आणि लगेच काढला.

"ये तो भट्टी है," ते म्हणाले. "गाडी पानी की है, पन आदमी बी ले जाती. उठाव."

गावातल्या चौघांनी दत्ताला केबिनच्या सीटवर आडवं केलं. मायनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मला दुसऱ्या बाजूनं चढवताना माझं डावं पाऊल दाराच्या लोखंडी पायरीवर आपटलं. पुठ्ठा फाटला. डोळ्यांसमोर पांढरं झालं. मी फाटका पुठ्ठा पायावर ओढून घेतला.

हिमायतनगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक मिनिट बघितलं, सलाईन लावलं आणि आपल्या जीपमधून आम्हाला नांदेडला पाठवलं. भोकरच्या पुढं दत्ता बरळायला लागला. गाडी दरीत चालली, ब्रेक लाव, असं काहीतरी. मी त्याचा हात धरून म्हणत होतो, "ब्रेक लागला, उस्ताद. गाडी थांबली." माय माझ्याकडं बघत होती. तिला काही कळत नव्हतं, पण तीही म्हणायला लागली, "थांबली रे बाळा, थांबली."

रात्री आठ वाजता दत्ता नांदेडच्या वॉर्डात दाखल झाला. चौथ्या दिवशी ताप उतरला. अकराव्या दिवशी त्यानं पहिल्यांदा शिवी दिली, तेव्हा मी लातूरला परतलो.

माझ्या डाव्या पायातली एक तार वाकली होती. पुण्यात तिसरं ऑपरेशन झालं. करंगळी आजही वाकत नाही. मेजर साहेबांनी विचारलं, पाऊल कुठं आपटलं? मी सांगितलं, टँकरवर चढताना. त्यांनी फाईलवरून मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि पुढचं विचारलं नाही. सुशीला मात्र आठ दिवस बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

करीमभाईंनी त्या उन्हाळाभर टँकर आधी मायच्या दारात थांबवला, रांजण भरून दिला आणि मग विहिरीकडं नेला. गावात कोणी हरकत घेतली नाही. मी युनिटला परत गेलो. महिन्याला दत्ताचं एक कार्ड यायचं. कोपऱ्यात फक्त आकडा असायचा. तीन. तीन. अडीच. तीन. एकदा दोन होता, खाली लिहिलं होतं, माय आजारी आहे.

तो आणखी पावणेदोन वर्षं जगला. मूत्रपिंडं त्या उन्हाळ्यातच खराब झाली होती, ती सुधारली नाहीत. मी तेव्हा राजस्थानात होतो. तार मला तीन दिवसांनी मिळाली. पुढच्या रजेत मी मायकडं गेलो, या वेळी फाट्यापासून चालत. तिनं चहा केला. म्हणाली, "लई तरास न्हाई झाला त्याला. झोपेत गेला." मग म्हणाली, "तुमी त्या दिशी आलते, ते त्यो लई येळा सांगायचा. उलटा आला म्हनायचा, पाठमोरा."

आता मी रिटायर्ड आहे, लातूरलाच असतो. शाळा-कॉलेजात सव्वीस जानेवारीला बोलावतात. आधी शहीद जवानांची नावं वाचतात. दत्ताचं नाव कुठल्याच यादीत येणार नाही. तो घरी गेला, आणि कागदावर कारण 'आजार' आहे. म्हणून माझी पाळी आली की मी आधी ते वाचतो. लान्स नाईक दत्ता सूर्यवंशी, इंजिनिअर्स, वय एकतीस, गाव हिमायतनगरजवळ. काही मुलं टाळ्या वाजवायला लागतात. मी हात वर करून त्यांना थांबवतो आणि उभं राहायला सांगतो. एक मिनिट सगळं पटांगण उभं असतं. मीही उभा असतो, दोन्ही पायांवर.