आईच्या कढईतली मॅकरोनी

नऊ वर्षांपूर्वी मी राहुरीहून निघाले तेव्हा आईने रडारड केली नाही. टॅक्सीच्या खिडकीत वाकून एवढंच म्हणाली, "मिळंल ते खा. तिथं जाऊन नखरे करू नको." मी ऐकलं. इंग्लंडमध्ये लीड्सला नर्सची ड्युटी संपवून आल्यावर झटपट होतं ते मॅकरोनी-चीज, म्हणून तेच खात राहिले. पुढे नाओमी झाली, तिलाही तेच घातलं. चार वर्षांची झाली तरी पोरगी दुसऱ्या कशाला तोंड उघडेना, हे माझंच कर्तृत्व.

यंदा तिला घेऊन आले ती सहा महिने आईकडे ठेवायला. नवऱ्याची आणि माझी शिफ्ट जुळत नव्हती, त्यात माझा पुढचा कोर्स. तुमच्यातले जे परदेशी गेलेत त्यांना यावर काही सांगायला नको. जे मागे राहिलेत ते म्हणतील, पोटची पोर अशी ठेववते तरी कशी? म्हणा. मीही स्वतःला तेच विचारत होते.

तीन दिवस नाओमी बिस्किटं आणि केळ्यांवर. वरणभाताकडे ढुंकून बघेना. माझ्या विमानाला चार दिवस उरले होते. मनाशी ठरवलं, आईच्या हातचं खाल्लं तर ठेवायची. नाहीतर कोर्स गेला खड्ड्यात, घेऊन जायची.

नगरला जाऊन सावेडीतल्या दुकानातून मॅकरोनी आणि चीज आणलं. आईला ओट्याशी उभं केलं आणि शिकवायला लागले. लोणी वितळव, मैदा परत, आता दूध, अगं ढवळ की. दर मिनिटाला टोकत होते. माझ्या घाईत मीच तिच्या हातात पातळ बुडाचं पातेलं दिलं, गॅसही मीच मोठा केला. दूध खाली लागलं. नाओमीने एक घास घेऊन थुंकला आणि मी आईवर ओरडले, "एकदा तरी सांगितलेलं ऐक ना."

आईने गॅस बंद केला. आवाज न चढवता म्हणाली, "पोरीनं खाऊ न्हाई आसंच वाटतंय ना तुला? मंग जा घिऊन. माज्या माथी खापर फोडू नको."

मी करपलेलं पातेलं घासायला घेतलं. ती म्हणाली ते खरं होतं, आणि ती म्हणेपर्यंत माझं मलाच कळलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोललो.

दुसऱ्या दिवशी तिने मला स्वयंपाकघराबाहेर काढलं. "दुधातलं पिठलंच हाय की हे," म्हणाली. जाड कढई घेतली, मंद आचेवर लोण्यात मैदा परतला, दूध थोडं थोडं घालत एकही गाठ होऊ दिली नाही. दाटल्यावर कढई खाली उतरवून चीज किसून घातलं, मग उकडलेली मॅकरोनी. मी दारातून बघत होते. ताटली घेऊन ती खाली बसली आणि नाओमीला बोलावलंच नाही. स्वतःच खायला लागली. नातीकडे बघतसुद्धा नव्हती.

चौथ्या घासाला नाओमी तिच्या गुडघ्याशी जाऊन उभी राहिली. आईने न बोलता घास पुढे केला. मी दारातच उभी. खाऊ दे म्हणत होते की नको, देवालाच माहीत.

खाल्लं तिने. ताटली निम्मी संपवली.

"आता जा तू," आई म्हणाली. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. सुटल्यासारखंही वाटत होतं आणि आईचा रागही येत होता. ठरल्या दिवशी निघाले.

इतकी वर्षं मी राहुरीला 'गावी' जायचे आणि लीड्सला 'घरी' यायचे. गेल्या आठवड्यात वॉर्डातल्या एका म्हातारीने विचारलं, तुझ्या घरी कोण कोण असतं? आई आणि लेक, मी सांगून टाकलं. नवरा आठवला तो तिचं बीपी लिहून झाल्यावर.