शेकलेले हात

आमच्या उपकेंद्राची नर्सबाई एका जागी उभी राहिलेली मी पाहिली नाही. सायकलवरून उतरायच्या आधीच तिचं बोलणं सुरू होई, आणि चहा ती अंगणात फेऱ्या घालत प्यायची. बसायची फक्त चुलीपुढं, हात शेकायला. तेही घरात तान्हा मुलगा असला तर. "थंडा हात लागला का अंडगोळी वर पळते भाऊ. मंग खरं-खोटं समजत नाई."

माझ्या पोराची एक अंडगोळी जन्मापासून पिशवीत उतरली नव्हती. सहा महिने वाट पाहू, असं ती म्हणाली होती. सहाचे आठ झाले. मोहर्लीच्या जंगलरस्त्यावर वाघाला 'बाजूला सरक' म्हणून दटावल्याचं गावभर सांगणारा मी, पण ऑपरेशनचं नाव निघालं की विषय बदलायचो. एका सकाळी तिला पाहताच मी ओरडलो, "उतरली बाई. तुम्ही व्हा पुढं."

तिनं सायकल कुडाला टेकवली, हात शेकले, पोराला मांडीवर घेतलं आणि त्याच्या जांघेत बोटं फिरवली.

"इथीच अडकून आहे. वाघाच्या गप्पा सांगा भाऊ, ह्या नोका सांगू. उशीर केला तर गोळी वाया जाईन."

चंद्रपूरला ती आमच्यासोबत आली. ऑपरेशन नीट झालं.

परवा शेजारच्या तान्ह्यासाठी ती हात शेकत होती आणि मी तिथंच बारा हात लांब वाघ सांगत होतो. तिनं नुसतं वर पाहिलं. मी वाघ चार हातांनी आखूड केला.